स्नाइप-आयटीत एम्प्लॉयी लिस्ट आपोआप कशी आणायची

दर महिन्याला एचआरकडून एक्सेल मागवून स्नाइप-आयटीत (कंपनीचे लॅपटॉप वगैरे कोणाकडे आहेत ते नोंदवायचं सॉफ्टवेअर) हाताने युजर भरत बसणं बंद करा राव. कंपनीत अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (मायक्रोसॉफ्टची, कंपनीतल्या युजर अकाउंट्सची यादी ठेवणारी सिस्टीम) असेल तर स्नाइप-आयटीच्या अ‍ॅडमिन सेटिंग्जमध्ये एलडॅप (डिरेक्टरीतून माहिती वाचायची पद्धत) चालू करायचं, सर्व्हरचा पत्ता, बाइंड युजर (ज्या अकाउंटने डिरेक्टरीत लॉगिन होतं ते), त्याचा पासवर्ड आणि बेस डीएन (डिरेक्टरीत कुठून शोधायला सुरुवात करायची तो पत्ता) टाकायचा. बाइंड युजरला फक्त वाचायचा हक्क पुरतो, डोमेन अ‍ॅडमिनचा पासवर्ड तिथे टाकू नका प्लीज.

मग फील्ड मॅपिंग, म्हणजे डिरेक्टरीतली कुठली माहिती स्नाइप-आयटीत कुठे जाणार ते. युजरनेमसाठी सॅमअकाउंटनेम (samaccountname, डिरेक्टरीतलं लॉगिन नाव), पण सगळं स्मॉल लेटर्समध्येच लिहा, कॅपिटल एक जरी राहिलं तरी घोळ होतो आणि आपण तासभर फायरवॉलला शिव्या घालत बसतो (माझं झालंय). फिल्टरमध्ये सर्व्हिस अकाउंट्स (माणसाची नव्हे, यंत्रांसाठीची) आणि डिसेबल केलेली अकाउंट्स वगळा, नाहीतर प्रिंटर-स्कॅनरची सर्व्हिस अकाउंट्स आणि सोडून गेलेली माणसंपण लिस्टमध्ये येऊन बसतात.

आधी हाताने एकदा सिंक मारून बघा, नीट आलं की सर्व्हरच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) एलडॅप-सिंकची आर्टिसन कमांड (स्नाइप-आयटीची कमांड-लाइनवरून चालवायची कमांड) रात्री २ वाजताची लावा.

आणि हो, डिरेक्टरीतून माणूस उडाला म्हणून स्नाइप-आयटीतून तो आपोआप डिलीट होत नाही, ते बरंच आहे, त्याच्या नावावरचा लॅपटॉप आधी परत घ्यायचा असतो ना!