इंदूर ते मुंबई: हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा

आमच्या आत्याने तिकिटावर "१ तास २० मिनिटे" असे वाचले आणि दादरला भाचीला फोन करून सांगितले, "दहाला विमान सुटतंय, साडेअकराला पानं घे." आत्या भाचीच्या दारात उभी राहिली तेव्हा साडेबारा उलटून गेले होते आणि वरण दोनदा गरम झाले होते. आकडा बरोबरच होता, पण तो विमानतळ ते विमानतळ एवढ्यापुरता होता.

आधी अंतर काढावे. इंदूरचा देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ सुमारे २२.७ अंश उत्तर अक्षांश आणि ७५.८ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ सुमारे १९.१ आणि ७२.९ अंशांवर. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, म्हणून ३.६ अंशांचे ४०० किलोमीटर होतात. रेखांशाचा अंश ध्रुवांकडे जाताना आखूड होत जातो आणि आपल्या भागात तो सुमारे १०३ किलोमीटर भरतो, त्यामुळे २.९ अंशांचे ३०० किलोमीटर. आता शाळेतला ३-४-५ चा काटकोन त्रिकोण आठवला की कर्ण ५०० किलोमीटर येतो. नेमके हवाई अंतर ५०५ च्या आसपास आहे, म्हणजे कागद-पेन्सिलीच्या हिशोबाला नावे ठेवण्यासारखे काही नाही. हीच मुंबई सेंधवा-धुळे-नाशिक मार्गे रस्त्याने सुमारे ५९० किलोमीटर पडते, आणि अवंतिका एक्स्प्रेस तर मुंबईला जायचे असूनही आधी उत्तरेला उज्जैन गाठते, मग रतलाम आणि वडोदरा करत सुमारे ८३० किलोमीटर धावते.

वेळेसाठी जेट विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरावा. ५०५ किलोमीटरला ३८ मिनिटे लागतात. त्यांत धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे यांसाठी अर्धा तास मिळवला की १ तास ८ मिनिटे होतात. मुंबईच्या आकाशात गर्दी असल्याने कंपन्या त्यावर आणखी काही मिनिटे राखून ठेवतात. एटीआरसारखे पंख्याचे विमान असेल तर वेग ताशी ५०० च्या जवळपास धरावा. तिकिटावरच्या वेळा नेहमी त्या-त्या गावच्या स्थानिक असतात. देशात त्याने फरक पडत नाही, पण शारजाचे घड्याळ आपल्या दीड तास मागे असल्याने तिकडे जाताना वेळांच्या वजाबाकीत दीड तास मिळवावा आणि परतताना वजा करावा.

खरा हिशोब दारापासून दारापर्यंतचा. इंदूरच्या रामबागेतून विमानतळापर्यंत ४० मिनिटे, तिथे दीड तास (देशांतर्गत उड्डाणाचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो), विमानाची ८० मिनिटे, सामानाच्या पट्ट्याजवळ अर्धा तास आणि दादरपर्यंत ४५ मिनिटे, असे एकूण पावणेपाच तास होतात. आता नवी मुंबईलाही विमानतळ झाला असल्याने तिकिटावर बीओएम (मुंबई) आहे की एनएमआय (नवी मुंबई), हे आधी पाहावे, कारण नवी मुंबईहून दादर बरेच लांब पडते. दहाच्या विमानासाठी घरातून ७ वाजून ५० मिनिटांनी निघावे, आणि शेवेच्या पुड्या हातातल्या सामानात न्यायच्या असतील तर त्या आदल्या रात्रीच तोलून ठेवाव्यात.