काचेच्या वॉटर पाइपला जोडण्यासाठी व्हेपोरायझर निवडताना या चुका टाळा

कॅनडात वैद्यकीय कारणासाठी कॅनाबिस (गांजाची वनस्पती) वापरण्याची मुभा २००१ पासून आहे आणि १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांनाही ते कायदेशीरपणे विकत घेता येते. डॉक्टरांच्या सल्ल्याने ते घेणाऱ्या ज्या रुग्णांना धूर सोसत नाही, ते व्हेपोरायझरकडे वळतात. व्हेपोरायझर वनस्पती जाळत नाही, तापवतो आणि तिच्यातील द्रव्ये वाफेच्या रूपाने बाहेर काढतो. सॅन फ्रान्सिस्को येथे डोनाल्ड एब्रम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ व्यक्तींवर केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की व्हेपोरायझरमधून घेतले असता रक्तातील टीएचसीचे, म्हणजे कॅनाबिसमधील मुख्य परिणामकारक द्रव्याचे, प्रमाण धूम्रपानाइतकेच राहते, उच्छ्वासातील कार्बन मोनॉक्साइड मात्र पुष्कळ कमी असतो. माझे थोरले बंधू येथे ओंटारिओत मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे उपकरण वापरतात. त्यांना कोरडी, गरम वाफ घशाला लागू लागली म्हणून आम्ही ती काचेच्या वॉटर पाइपमधून, म्हणजे तळाशी पाणी असलेल्या नळीतून, घेण्याची सोय केली. ती सोय नीट बसेपर्यंत ज्या चुका आमच्या हातून झाल्या आणि ज्या इतरांच्या घरी होताना पाहिल्या, त्या पुढे मांडल्या आहेत.

पाणी वाफ गाळते असे समजणे

या एका समजुतीतून पुढच्या बऱ्याच चुका निघतात. पाण्यातून बुडबुडे येतात, पाणी हळूहळू पिवळट होते आणि त्यामुळे सगळे अपायकारक ते पाण्यातच राहिले असे वाटते. आपल्याकडे गुडगुडीबद्दलही हाच समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात धुरावर झालेल्या चाचण्यांत वॉटर पाइपने टारपेक्षा (धुरातील डांबरासारख्या चिकट अंशापेक्षा) टीएचसीच अधिक प्रमाणात अडवल्याचे आढळले आणि टार व टीएचसी यांच्या गुणोत्तरात साध्या विडीसारखी गुंडाळलेली सिगारेटच सरस ठरली. व्हेपोरायझरच्या वाफेत मुळातच टार कमी असते, त्यामुळे येथे पाण्याकडून गाळण्याची अपेक्षा ठेवण्याचे कारण नाही. पाणी वाफ थंड करते आणि तिला ओलावा देते. एवढ्यासाठीच ते वापरायचे आहे, हे एकदा मान्य केले की उंच, तीन-तीन पर्कोलेटर (वाफेचे बारीक बुडबुडे करणारे आतले काचेचे भाग) बसवलेल्या महागड्या काचेची गरज उरत नाही.

मोठ्या काचेचे नुकसान साध्या हिशेबातून कळते. आतून ५ सेंटीमीटर व्यासाची आणि ४५ सेंटीमीटर उंचीची नळी सुमारे ८८० मिलिलिटर हवा धरते. ४ सेंटीमीटर व्यासाची आणि १५ सेंटीमीटर उंचीची नळी जेमतेम १९० मिलिलिटर धरते. मोठ्या नळीत वाफ थंड काचेला अधिक वेळ लागून राहते, तिचा काही भाग भिंतीवर चिकट थर होऊन बसतो आणि झुरका संपल्यावर उरलेली वाफ आतच शिळी होते. धूर भरपूर असल्यामुळे मोठ्या नळीतही भागते. वाफ विरळ असते, म्हणून तिच्यासाठी लहान आणि साधी काच निवडावी असे माझे स्पष्ट मत आहे.

पडद्यावरचे अंश खरे धरणे

तापमान बदलता येणे हा या उपकरणाचा मोठा गुण आहे, पण पडद्यावर दिसणारा आकडा तापक किंवा त्याच्याजवळचा संवेदक सांगत असतो. वनस्पतीचे तापमान त्याहून बहुधा कमी असते. त्यामुळे एका यंत्रावरचे १८५ अंश आणि दुसऱ्यावरचे १८५ अंश यांचा परिणाम सारखा येत नाही. नवे यंत्र आणल्यावर जुन्या आकड्याला चिकटून न राहता साधारण १७५ ते १८० अंश सेल्सिअसपासून सुरुवात करावी आणि पाच-पाच अंशांनी वर जावे. सुमारे २३० अंशांच्या आसपास आणि त्यापुढे वनस्पती करपू लागते, म्हणून तेथवर जाण्याचे प्रयोजन नाही. उरलेला चोथा तपकिरी असेल तर तापमान योग्य आहे. तो काळा किंवा राखाडी झाला तर जळण झाले आहे.

याच संदर्भात सर्वत्र फिरणाऱ्या उत्कलनबिंदूंच्या तक्त्यांविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. टीएचसी १५७ अंशांना उकळते, असे त्यांत हमखास छापलेले असते. प्रत्यक्षात हे मोजमाप जवळजवळ निर्वात अवस्थेतील, ०.०५ मिलिमीटर पारा एवढ्या दाबाखालील आहे. आपल्या खोलीतल्या हवेच्या दाबाला ते लागू पडत नाही. त्याच तक्त्यांत वनस्पतीतील सुवासिक द्रव्यांचे, म्हणजे पायनीनचे १५५ आणि लिमोनीनचे १७६ अंश हे आकडे मात्र वातावरणाच्या दाबाचे असतात. दोन वेगळ्या मापांनी मोजलेले आकडे एका रांगेत बसवून ‘मला हेच द्रव्य हवे, म्हणून यंत्र १५७ वर ठेवतो’ असा निर्णय घेणारे रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांना आराम पडत नाही आणि दोष औषधाला दिला जातो. शिवाय द्रव्ये आपल्या उत्कलनबिंदूची वाट पाहत थांबत नाहीत. पाणी शंभर अंशांच्या पुष्कळ खालीही वाळते, तसेच हेही आहे. तेव्हा अंश-अंशाच्या अचूकतेसाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा, एकदा ठरवलेले तापमान झुरक्याच्या भरातही टिकवून धरणारे यंत्र घ्यावे.

तापकाची ताकद न पाहणे

तापमान झुरक्यात टिकणे हा वॉटर पाइपच्या बाबतीत कळीचा प्रश्न आहे, आणि नेमका तोच दुकानात कोणी विचारत नाही. छोट्या यंत्राच्या तोंडातून माणूस हळू ओढतो. पाण्यातून ओढताना वाफ थंड लागत असल्यामुळे तो नकळत जोराने आणि लांब ओढतो. मिनिटाला १० लिटर या वेगाने हवा ओढली आणि ती २० अंशांवरून १९० अंशांपर्यंत न्यायची म्हटली, तर केवळ त्या हवेलाच सुमारे ३४ वॅट उष्णता लागते. ओढ दुप्पट झाली की गरजही दुप्पट, म्हणजे ६८ वॅट. खिशात मावणाऱ्या, लहान बॅटरीवर चालणाऱ्या पेनासारख्या यंत्रांना हे झेपत नाही. पडद्यावर १९० दिसत असते, आत मात्र तुलनेने गार हवा शिरत असते आणि हाती येते ती पातळ, बेचव वाफ.

यंत्राची तापवण्याची पद्धतही येथे महत्त्वाची ठरते. काही यंत्रांत वनस्पती भरायच्या भांड्याच्या गरम भिंतीच वनस्पतीला तापवतात. त्यांत दोन झुरक्यांच्या मधल्या वेळातही वनस्पती भाजत राहते आणि जोराच्या ओढीने ती एकदम थंड पडते. दुसऱ्या प्रकारात गरम हवा वनस्पतीतून वाहते आणि काढणी मुख्यतः ओढतानाच होते. पाण्यासाठी हा दुसरा प्रकार, किंवा दोहोंचा मेळ असलेला, सोयीचा पडतो. जर्मनीतील टुटलिंगेनच्या श्टोर्त्स अँड बिकेल या कंपनीचा व्होल्केनो हायब्रिड ४० ते २३० अंशांपर्यंत जातो आणि मायटी प्लस २१० पर्यंत; दोन्हींत ही मिश्र पद्धत आहे. ज्यांना वैद्यकीय उपकरण म्हणून परवाना मिळालेलेच यंत्र हवे असेल, त्यांच्यासाठी याच कंपनीचे मेडिक या नावाने येणारे प्रकार हेल्थ कॅनडाने मान्य केलेले आहेत. फुग्यात वाफ भरण्याची सोय पाण्यासोबत फारशी उपयोगी नाही. नळी जोडता येते का, तेवढे पाहावे. घरात एका जागी बसून घेणाऱ्या रुग्णाने तर विजेवर चालणारे टेबलावरचे यंत्रच घ्यावे. मात्र परदेशातून मागवताना ते कॅनडातील १२० व्होल्टचे आहे याची खात्री करावी. युरोपातील यंत्र २३० व्होल्टचे असते.

सांधा न मोजता ॲडॅप्टर मागवणे

आमच्याकडे यंत्र आणि पाइप जोडणारा पहिला तुकडा, म्हणजे ॲडॅप्टर, परत करावा लागला तो याच कारणाने. काचेचे हे सांधे प्रयोगशाळेतल्या सांध्यांसारखे घासलेले आणि निमुळते असतात. दर १० मिलिमीटर लांबीला व्यास १ मिलिमीटरने कमी होतो. बाजारात ज्याला १४ म्हणतात तो रुंद टोकाशी १४.५ मिलिमीटरचा असतो, आणि १८ म्हणतात तो १८.८ चा. काही विक्रेते त्यालाच १९ लिहितात, म्हणून १८ आणि १९ हे दोन वेगळे आकार समजू नयेत. लहान पाइपांवर १० चा सांधाही येतो. आकाराइतकेच मेल (आत शिरणारा) आणि फिमेल (आत घेणारा) पाहणे आवश्यक आहे: पाइपचा सांधा बाहेरून घासलेला असेल तर ॲडॅप्टर फिमेल लागतो, आतून घासलेला असेल तर मेल. जड यंत्र उलटे करून काचेवर टेकवायचे असल्यास १४ पेक्षा १८ चा सांधा भार चांगला पेलतो, आणि हवाही मोकळी जाते. काच बोरोसिलिकेटचीच असावी. साधी काच तापल्यावर तिच्या जवळपास तिप्पट प्रसरण पावते आणि गरम ॲडॅप्टरशेजारी तडकते.

वाफ येत नाही तेव्हा तापमान वाढवत जाणे

हा सर्वांचा पहिला उपाय असतो, आणि तो शेवटचा असायला हवा. आधी यंत्र फॅरनहाइटवर तर नाही ना, हे पाहावे. २०० फॅरनहाइट म्हणजे फक्त ९३ अंश सेल्सिअस. मग गळती तपासावी. ॲडॅप्टरचे यंत्राकडचे तोंड तळहाताने बंद करून पाइपमधून हलकेच ओढावे. बुडबुडे चालूच राहिले, तर हवा सांध्यातून शिरते आहे. बुडबुडे नाहीत आणि तरीही हवा सहज येते, तर पाण्याच्या वर कोठेतरी छिद्र आहे. अनेक पाइपांना बोटाने झाकण्याचे असे छिद्र मुद्दाम ठेवलेले असते आणि व्हेपोरायझरसाठी ते कायमचे बंद करावे लागते. त्यानंतर भांडे पाहावे. वनस्पती फार बारीक दळून दाबून भरली की हवा अडते, आणि भांडे अर्धेच भरले की हवा एका बाजूने निसटते. वाफ डोळ्यांना दिसत नाही म्हणजे ती नाहीच, असेही नाही. कमी तापमानाची आणि पाण्यातून आलेली वाफ जवळजवळ अदृश्य असते. म्हणून पुन्हा घेण्यापूर्वी डॉक्टरांनी सांगितलेला वेळ थांबावे.

पाण्याच्या पातळीबाबत एकच सांगतो: आतल्या नळीचे टोक १० ते १५ मिलिमीटर बुडाले की पुरते. प्रत्येक जादा सेंटीमीटरमागे छातीला तेवढा अधिक जोर लावावा लागतो आणि दम्याच्या रुग्णाला तो लगेच जाणवतो.

पाणी यंत्रात जाऊ देणे

बंधूंना एकदा झुरक्याच्या मध्येच खोकला आला, श्वास उलटा पाइपमध्ये गेला आणि पाणी ॲडॅप्टरवाटे थेट तापकापर्यंत चढले. यंत्र तत्काळ बंद करून दोन दिवस वाळवावे लागले. तेव्हापासून प्रत्येक झुरका संपताच यंत्र आधी काचेवरून उचलायचे आणि मगच श्वास सोडायचा, असा नियम आम्ही केला आहे. पाइप यंत्रासकट तिरका करू नये आणि जोडलेल्या अवस्थेत ठेवून उठू नये. काचेत साचलेला ओलावाही गरम यंत्रात वर चढतो.

पाणी प्रत्येक वापरानंतर ओतून द्यावे आणि काच उपडी ठेवून वाळवावी. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, त्यांनी याबाबत जराही सवलत घेऊ नये; साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात, वनस्पतीवर बुरशीचे बीजाणू असू शकतात आणि यंत्राची उष्णता ते मारेलच यावर विसंबता येत नाही. चिकट थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो. तो द्रव सहज पेट घेतो, म्हणून यंत्र थंड आणि विजेपासून अलग असतानाच त्याला हात लावावा, आणि पुसलेला भाग वास पूर्ण जाईपर्यंत वाळू द्यावा. जाडे मीठ टाकून हलवण्याची रीत साध्या काचेला चालते, नाजूक पर्कोलेटरला नाही.

सुट्टीत हे सामान भारतात नेणे

कॅनडातील परवाना विमानतळापलीकडे चालत नाही. कॅनाबिस देशाबाहेर नेणे हा वैद्यकीय कागदपत्रे असली तरी कॅनडात गुन्हा आहे आणि भारतात १९८५ चा अमली पदार्थविषयक कायदा गांजाला लागू होतो. उपकरण रिकामे असले तरी प्रश्न मिटत नाही, कारण २०१९ च्या ई-सिगारेट बंदी कायद्याने न जाळता तापवणारी उपकरणे आणि ई-हुक्का यांच्या आयातीलाही मनाई केली आहे. वापरलेल्या काचेवर तर अंशही चिकटलेले असतात. पुण्याला किंवा नागपूरला महिनाभर जाणार असलेल्या रुग्णाने निघण्यापूर्वी पुरेसे आधी डॉक्टरांना भेटून तेवढ्या काळासाठी दुसरे औषध लिहून घ्यावे, आणि यंत्र, ॲडॅप्टर व काच तिन्ही घरीच ठेवावीत.