चमक उशिरा दिसते: गोलकृमीच्या भ्रूणात जनुक पाहताना या चुका टाळा

सी. एलिगन्स या गोलकृमीच्या अंगात लपवण्यासारखं काही नाही. कवच पारदर्शक, पूर्ण वाढलेल्या उभयलिंगी कृमीत चेतापेशी 302 आणि भ्रूणातल्या प्रत्येक पेशीची वंशावळ 1983 पासून छापलेली. म्हणूनच नवखा माणूस जे दिसतं त्यावर पटकन विश्वास ठेवतो.

जनुक कुठे आणि केव्हा चालू होतं ते पाहायला त्याला जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक जोडतात; या जोडणीला रिपोर्टर म्हणतात. सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे हिरवी चमक दिसली तीच जनुक सुरू झाल्याची वेळ धरणं. जनुकाचा आरएनए बनतो, त्यावरून जीएफपी तयार होतं, त्याची घडी बसते, ऑक्सिजनच्या मदतीने त्यात रंगद्रव्य घडतं आणि मग कुठे प्रकाश दिसतो. एवढ्या वेळात भ्रूणातली पेशी विभागून मोकळी होते. जनुक चालू झालं आईपेशीत, चमकल्या लेकी! उलट, जीएफपी टिकाऊ असल्याने जनुक बंद पडल्यावरही उजेड रेंगाळतो. नेमकी वेळ हवी असेल तर एकरेणू फिशने (आरएनएचा एकेक रेणू ठिपक्यासारखा दाखवणाऱ्या पद्धतीने) थेट आरएनए मोजा. ते जमत नसेल, तर वहीत ‘चमक दिसली’ एवढंच लिहा, ‘जनुक सुरू झालं’ असं लिहू नका.

चमक अचानक गेली तर? जनुक बंद झालं असं म्हणण्याआधी पेशी जिवंत आहे का ते बघा. उभयलिंगी कृमीच्या वाढीत 131 पेशी ठरवून मरतात. त्यातल्या 113 भ्रूणातच जातात आणि बहुतेक चेतापेशींच्या वंशातल्या असतात. डीआयसी (पारदर्शक पेशी उठावदार दाखवणाऱ्या) सूक्ष्मदर्शीखाली मेलेली पेशी बटणासारखी गोल, उठून दिसते. ही तपासणी मिनिटभराची, पण ती राहून गेली की अख्खा निष्कर्ष फिरतो.

‘पाच तासांचं भ्रूण’ ही नोंद तापमानाशिवाय निरुपयोगी आहे, कारण 25 अंशांवर वाढ 16 अंशांच्या साधारण दुप्पट वेगाने होते. आयांना ब्लीचमध्ये विरघळवून काढलेली अंडी तर सरमिसळ वयाचीच असतात. आई कापून दोन पेशींची भ्रूणं वेचा आणि तिथून वेळ मोजा.

आतड्यातले कण स्वतःच चमकतात, म्हणून रिपोर्टर नसलेलं भ्रूण नेहमी शेजारी ठेवा. रिपोर्टर गुणसूत्राबाहेरच्या अ‍ॅरेवर (डीएनएच्या सुट्या तुकड्यावर) असेल तर तो काही पेशींतून गळतो. तिथला अंधार पुरावा नव्हे.

आणि उत्परिवर्ती (जनुक बिघडलेलं) भ्रूण निरोगी दिसलं, तर त्याची आई कोणती होती ते आधी शोधा. तिच्याकडे त्या जनुकाची एक चांगली प्रत असेल, तर तिने अंड्यात भरून दिलेला आरएनए लेकराची उणीव बराच काळ झाकतो.