लांबच्या प्रवासातून वाहनाची छोटी प्रतिकृती आणायची असेल तर

रस्त्याने दूरचा प्रवास करताना आपला बराचसा वेळ मुक्कामाच्या ठिकाणांपेक्षा वाहनांच्या सोबतीत जातो. आपण ज्या गाडीत बसलेलो असतो ती, चढणीवर जिच्या मागे रेंगाळावे लागते ती मालवाहू गाडी, पहाटे गावागावांत थांबत जाणारी बस, दरड कोसळलेल्या जागी काम करणारे यंत्र, ही सगळी त्या रस्त्याची ओळख असते. म्हणून अशा प्रवासाची आठवण जपण्यासाठी वाहनाची छोटी प्रतिकृती मला सर्वांत योग्य वस्तू वाटते. मात्र तिचा त्या रस्त्याशी खरा संबंध असला पाहिजे. दुकानात दिसली आणि आवडली म्हणून घेतलेली गाडी सुंदर असली तरी काही वर्षांनी ती कोणत्या प्रवासातली हे सांगता येत नाही.

यासाठी निघण्यापूर्वीच एक नियम ठरवून घ्यावा. मी सुचवेन तो नियम असा, की या प्रवासात जे वाहन डोळ्यांनी पाहिले किंवा ज्यातून प्रवास केला, त्याचीच प्रतिकृती घ्यायची आणि एका प्रवासाला एकच घ्यायची. आपली स्वतःची गाडी हा पहिला पर्याय मनात येतो आणि तोही चांगलाच आहे. तरीही माझा कल कामकरी वाहनांकडे आहे. कुटुंबाच्या वापराच्या मोटारी आता बहुतेक ठिकाणी सारख्याच दिसतात, परंतु बस, टपालगाडी, अग्निशमन बंब, दुधाचा टँकर, रुग्णवाहिका किंवा बर्फ हटवणारी गाडी यांचे रंग, पट्टे, अक्षरे आणि बांधणी प्रदेशागणिक बदलतात. त्या रंगसंगतीतच तो प्रदेश ओळखू येतो.

एकच घ्यायची म्हटल्यावर ती केव्हा घ्यावी हा प्रश्न येतो, आणि पुष्कळदा ज्या रस्त्याने गेलो त्याच रस्त्याने परत यायचे नसल्यामुळे तो अवघड होतो. सुरुवातीचे काही दिवस खरेदी न करता लक्षात राहिलेल्या वाहनांची वहीत नोंद करावी. ज्या प्रतिकृती मोठ्या कंपन्यांनी मोठ्या संख्येने काढलेल्या असतात त्या पुढेही मिळतील, त्यामुळे त्यांच्यासाठी थांबायला हरकत नाही. याउलट एखाद्या स्थानिक परिवहन सेवेच्या रंगातली बस किंवा एखाद्या वाहन संग्रहालयाने केवळ आपल्या अभ्यागतांसाठी काढलेली प्रतिकृती पुढच्या शहरात मिळण्याची शक्यता फार कमी असते. असे काही दिसले आणि ते वाहन आपण पाहिलेले असेल, तर निर्णय लांबवू नये.

आता आकाराविषयी. प्रतिकृतीच्या खोक्यावर १:१८, १:४३, १:६४ असे प्रमाण छापलेले असते. साडेचार मीटर लांबीची मोटार १:१८ प्रमाणात २५ सेंटीमीटर, १:४३ प्रमाणात सुमारे साडेदहा सेंटीमीटर आणि १:६४ प्रमाणात सुमारे ७ सेंटीमीटर होते. यांतील ४३ हा विचित्र वाटणारा आकडा खेळण्यातल्या रेल्वेमधून आला. ब्रिटनमध्ये ओ गेज नावाच्या छोट्या रेल्वेसाठी खऱ्या एका फुटाला ७ मिलिमीटर असे माप धरत, आणि त्या रेल्वेच्या शेजारी शोभतील अशा मोटारी त्याच मापाच्या आसपास बनत गेल्या. प्रवासासाठी १:४३ हे प्रमाण मला सर्वांत समाधानकारक वाटते, कारण त्यात बारकावे स्पष्ट दिसतात आणि वस्तू तळहातावर मावते. परंतु बारा मीटरची बस याच प्रमाणात सुमारे २८ सेंटीमीटर होते, म्हणून मोठ्या वाहनांसाठी १:७६ किंवा १:८७ पाहावे. १:८७ मध्ये तीच बस १४ सेंटीमीटरच्या आत येते.

खिशात मावणाऱ्या गाड्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. लेस्नी कंपनीने १९५३ मध्ये मॅचबॉक्स मालिका सुरू केली ती छोट्या खोक्यात बसतील अशा गाड्यांची. पुढे १९६८ मध्ये अमेरिकेतील मॅटेल कंपनीने हॉट व्हील्स आणि १९७० मध्ये जपानमधील टोमी कंपनीने टोमिका ही मालिका आणली. अशा मालिकांत खोक्याचे माप ठरलेले असल्यामुळे ट्रक आणि मोटार जवळजवळ सारख्याच लांबीचे निघतात. म्हणजे त्यांचे प्रमाण काटेकोर नसते. हा दोष मानायचे कारण नाही. मात्र दोन प्रवासांतल्या गाड्या शेजारी ठेवून त्यांच्या खऱ्या आकारातला फरक दाखवायचा असेल, तर या मालिका उपयोगी पडत नाहीत.

शोधायचे कोठे? वाहन आणि परिवहन संग्रहालयांची विक्री दालने, गावातली जुनी खेळण्यांची दुकाने, आठवडी जुना बाजार आणि महामार्गावरचे थांबे ही नेहमीची ठिकाणे. पेट्रोल पंपही वगळू नयेत. अमेरिकेत हेस या इंधन कंपनीने १९६४ मध्ये आपल्या टँकरची पहिली खेळण्यातली प्रतिकृती काढली, आणि तिचे ट्रक कित्येक वर्षे तिच्याच पंपांवर विकले जात होते. रस्त्यावरच्या खऱ्या टँकरची प्रतिकृती रस्त्यावरच मिळावी, याहून नेमकी आठवण कोणती असणार?

नवी वस्तू घेताना खोके हलकेच तिरपे करून आत काही सुटे वाजते का ते ऐकावे. आरसे, वायपर आणि अँटेना हेच भाग आधी तुटतात. जुन्या वस्तूची तपासणी अधिक बारकाईने करावी लागते. डायकास्ट, म्हणजे वितळलेला धातू साच्यात दाबाने ओतून केलेल्या, गाड्या बहुधा जस्तात ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबे मिसळलेल्या मिश्रधातूच्या असतात. त्या ओतताना शिशासारखी अशुद्धी मिसळली गेली असेल, तर धातू आतून फुगतो, त्याला बारीक भेगांचे जाळे पडते आणि शेवटी त्याचे तुकडे होतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गाड्यांत हा विकार विशेष आढळतो आणि त्यावर उपाय नाही. रंगाखाली भेगा दिसत असतील, छत वाकलेले असेल किंवा वरचा सांगाडा तळाशी नीट जुळत नसेल, तर ती गाडी सोडून द्यावी. तळपट्टी उलटून पाहणेही आवश्यक आहे. तेथे बहुतेक वेळा निर्मात्याचे नाव, देश आणि कधी प्रमाण कोरलेले असते. हॉट व्हील्सच्या तळावरील वर्षावरून मात्र वय ठरवू नये, कारण ते त्या साच्याच्या स्वामित्वहक्काचे (कॉपीराइटचे) वर्ष असते आणि तोच साचा पुढे बराच काळ वापरला जातो. तळ आणि सांगाडा जोडणारे रिव्हेट खरवडलेले किंवा कोरून काढलेले दिसले, तर गाडी कधीतरी उघडून पुन्हा रंगवली असण्याचा संभव असतो.

खरेदीनंतरचे खरे काम म्हणजे ती सुखरूप घरी नेणे, आणि येथे सर्वांत मोठा शत्रू उष्णता आहे. उन्हात बंद करून ठेवलेल्या मोटारीच्या आतले तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा २० अंश सेल्सिअसहून अधिक वाढू शकते आणि डॅशबोर्ड त्याहूनही तापतो. प्लॅस्टिकचे भाग आणि विशेषतः रेझिनमध्ये, म्हणजे साच्यात घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेत, ओतलेल्या प्रतिकृती अशा तापमानात वाकतात. म्हणून ती डॅशबोर्डवर किंवा मागच्या काचेखाली मुळीच ठेवू नये. सीटखाली, सावलीत ठेवावी आणि मोठ्या थांब्यावर हातातल्या पिशवीतून सोबत न्यावी.

बांधणीचीही एक पद्धत आहे. अनेक १:४३ गाड्या बैठकीवर खालून स्क्रूने बसवलेल्या असतात. प्रवास संपेपर्यंत तो स्क्रू काढू नये, आणि काढलाच तर त्याच खोक्यात चिकटपट्टी न लावता छोट्या पुडीत ठेवावा, कारण तसा स्क्रू पुन्हा सहज मिळत नाही. गाडीभोवती प्रथम शाई नसलेला मऊ पातळ कागद गुंडाळावा. वर्तमानपत्राची शाई रंगावर उतरते. बबल रॅप थेट रंगाला लागल्यास उष्णतेने त्याच्या बुडबुड्यांचे वर्तुळाकार डाग उमटतात, तेव्हा तो कागदावरून आणि फुगे बाहेर ठेवून लावावा. खोक्यातल्या पोकळ्या कागदाच्या बोळ्यांनी भराव्यात, कारण दिवसेंदिवस बसणाऱ्या हादऱ्यांनी गाडी खोक्याच्या भिंतीला घासून कोपऱ्यांचा रंग उडतो. उघडणाऱ्या दारांवर मात्र बोळ्यांचा दाब येऊ देऊ नये. देशाची सीमा ओलांडायची असेल, तर पावती वेगळी न ठेवता खोक्यातच ठेवावी.

त्याच संध्याकाळी नोंद करावी. उद्यावर टाकलेली नोंद अपुरी राहते. खरे वाहन कोणत्या रस्त्यावर, कोणत्या दोन गावांच्या मध्ये, कोणत्या तारखेला दिसले, ते काय वाहत होते आणि प्रतिकृती कोठे घेतली, एवढे पेन्सिलीने एका कार्डावर लिहावे. खऱ्या वाहनाचे छायाचित्र मिळाल्यास फारच उत्तम. ते सहप्रवाशाने किंवा थांबल्यावरच काढावे, आणि चालक त्यात येत असेल तर त्याची परवानगी घ्यावी. पुष्कळदा अशा विचारण्यातूनच त्या वाहनाची अशी माहिती मिळते, जी कोणत्याही खोक्यावर छापलेली नसते.

घरी आल्यावर मऊ ब्रशने धूळ झटकून गाडी काचेच्या कपाटात, थेट ऊन लागणार नाही अशा जागी ठेवावी. उन्हाने रंग विटतात, त्यातही लाल लवकर. दमट हवेत कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या अधूनमधून बदलाव्यात. मऊ टायरांमधील मृदुकारक द्रव्य कालांतराने प्लॅस्टिकच्या बैठकीत उतरून तिला खड्डे पाडते, यासाठी तळाखाली छोटा आधार देऊन चाके जराशी अधांतरी ठेवणे हिताचे असते. कार्ड गाडीला चिकटवू नये. त्याऐवजी कार्डावर आणि खोक्यावर एकच क्रमांक घालावा आणि खोके टाकून न देता कार्ड, पावती व छायाचित्र त्यातच ठेवावे.