इंग्लंडमध्ये लैंगिक आरोग्याची तपासणी करायचीय? या चुका टाळा

सप्टेंबरात पुण्या-नागपूरहून मुलंमुली लेस्टर, कॉव्हेंट्री, मँचेस्टरला येऊन पोचतात. बँकेत खातं कसं उघडायचं, तूरडाळ कुठे स्वस्त मिळते, सेकंडहँड गादी कोण विकतंय, सगळं एकमेकांना विचारून होतं. कंडोम फाटला, लघवीला जळजळ होतेय, जुन्या जोडीदाराचा 'तूही तपासून घे' असा मेसेज आला, तर कुठे जायचं, हे मात्र कुणी विचारत नाही. वेळ आली की रात्री दोन वाजता गुगल.

इथली व्यवस्था या बाबतीत खरोखर चांगली आहे. गाडी अडते ती आपण घरून आणलेल्या प्रश्नांवर: कुणाला कळेल, किती पैसे लागतील, व्हिसाचं काय होईल. त्यांची उत्तरं शोधण्यात दिवस जातात, आणि यातल्या काही उपायांना मुदत तासांची असते. खालची माहिती इंग्लंडची आहे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये पद्धत थोडी वेगळी.

जीपीच्या अपॉइंटमेंटची वाट बघणं

जीपीकडे, म्हणजे घराजवळच्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायलाच हवं, पण या कामासाठी त्याची चिठ्ठी लागत नाही. सेक्शुअल हेल्थ क्लिनिकला थेट जाता येतं. एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, वेबसाइटवर आपला पोस्टकोड टाकला की जवळची क्लिनिकं दिसतात. लंडनच्या सोहोतलं '५६ डीन स्ट्रीट' हे त्यातलं सगळ्यात नावाजलेलं. जुनी मंडळी अशा क्लिनिकला अजून 'जीयूएम' म्हणतात.

पैसे लागत नाहीत. गुप्तरोगांची तपासणी आणि उपचार इथे सगळ्यांना मोफत आहेत, व्हिसा कुठलाही असो, सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आलेला माणूस असो. एचआयव्हीचे उपचार आधी काही परदेशी लोकांना विकत घ्यावे लागत; ऑक्टोबर २०१२पासून तेही मोफत झाले. विद्यार्थी व्हिसासोबत वर्षाला ७७६ पौंड हेल्थ सरचार्ज (आरोग्यसेवेचं शुल्क) भरतात, पण तो भरला की नाही हेसुद्धा इथे कुणी विचारत नाही. यामागे दयाबुद्धी आहे असं समजू नका. पहिल्या महायुद्धात सैनिकांमध्ये गुप्तरोग इतके पसरले की १९१६ साली सरकारने फुकट आणि गुप्त उपचारांचा नियमच केला. पैसे मागितले किंवा नाव फुटलं तर लोक येत नाहीत, आणि लोक आले नाहीत तर रोग पसरतो, हा त्यामागचा रोखठोक हिशेब. तो अजून चालू आहे.

तुम्हाला विचारल्याशिवाय क्लिनिक जीपीलाही काही कळवत नाही. युनिव्हर्सिटी, घरमालक, आईवडील तर फार दूरची गोष्ट.

व्हिसाच्या भीतीने न जाणं

भारतातून सहा महिन्यांपेक्षा जास्त काळासाठी यायचं तर टीबीची तपासणी करावी लागते. त्यावरून बऱ्याच जणांचा समज होतो की एचआयव्हीचीही तपासणी झालीच असणार, किंवा आता पॉझिटिव्ह निघालो तर परत पाठवतील. दोन्ही चूक. ब्रिटनच्या व्हिसासाठी एचआयव्हीची तपासणी होत नाही आणि एचआयव्ही आहे म्हणून व्हिसा जात नाही. या क्लिनिकमधला तुमचा रिपोर्ट होम ऑफिसकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या गृहखात्याकडे, पाठवला जात नाही.

'सोमवारी बघू' म्हणणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक, म्हणून जरा सविस्तर.

एचआयव्हीचा धोका वाटावा असा प्रसंग घडला असेल तर पेप नावाच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात. २४ तासांच्या आत सुरू केल्या तर उत्तम. कोर्स २८ दिवसांचा. प्रसंग शुक्रवारी रात्री घडला आणि तुम्ही क्लिनिक उघडायची वाट बघत बसलात, की सोमवारी संध्याकाळी अपॉइंटमेंट मिळेपर्यंत मुदत जवळजवळ संपलेली असते. शनिवार-रविवारी क्लिनिक बंद असेल तर हॉस्पिटलच्या अपघात विभागात, म्हणजे ए अँड ईमध्ये जा आणि काउंटरवर 'पेप हवंय' एवढंच सांगा. सगळी कहाणी रांगेत उभं राहून सांगायची नसते. गोळ्या लागतील की नाही हे डॉक्टर ठरवतील. प्रत्येक प्रसंगात त्या देतातच असं नाही. ज्यांना असा धोका वारंवार येतो त्यांच्यासाठी प्रेप, म्हणजे आधीपासून घ्यायचं प्रतिबंधक औषध, आहे, तेही क्लिनिकमधून मोफत.

क्लिनिकला फोन लावतानाही हेच. 'टेस्टिंगसाठी अपॉइंटमेंट हवी' म्हटलं तर दोन आठवड्यांनंतरची तारीख मिळू शकते. पेप हवंय, जखम झालीय, ओटीपोटात दुखतंय, असं काही असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा. आपल्याकडे आधी नमस्कार, मग प्रकृती, मग मुद्दा. इथे मुद्दा आधी.

इमर्जन्सी गोळीचंही घड्याळ असतं. भारतातली आय-पिल म्हणजे लेव्होनोरजेस्ट्रेल, तिची मुदत ७२ तास. इथे युलिप्रिस्टलही मिळते, ती १२० तासांपर्यंत चालते. कॉपर टी पाच दिवसांच्या आत बसवली तर ती दोन्ही गोळ्यांपेक्षा भरवशाची. ऑक्टोबर २०२५पासून इंग्लंडमधल्या बहुतेक औषधांच्या दुकानांत इमर्जन्सी गोळी मोफत मिळते. फार्मासिस्ट बाजूच्या छोट्या खोलीत नेऊन चार प्रश्न विचारतो. तो उलटतपासणी घेत नसतो, कुठली गोळी लागू पडेल ते बघत असतो.

पाळी चुकली असेल आणि गर्भपात हवा असेल तर बीपीएएस, एमएसआय किंवा एनयूपीएएस या गर्भपाताची सेवा देणाऱ्या संस्थांना थेट फोन करता येतो. दहा आठवड्यांच्या आत गोळ्या घरीच घेता येतात. नवऱ्याची, आईवडिलांची सही लागत नाही. (कायद्याने सज्ञान बाईला ती भारतातही लागत नाही, तरी हॉस्पिटलं मागतात, हा वेगळा विषय.) मोफतच्या नियमाला अपवाद मात्र इथे आहे: हेल्थ सरचार्ज भरलेल्यांना गर्भपाताचे पैसे पडत नाहीत, व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना पडतात.

आईने दिलेल्या पिशवीतली अझिथ्रोमायसिन

प्रत्येक मराठी सामानात ती झिपवाली पिशवी असते: क्रोसिन, ओआरएस, पोटाच्या गोळ्या, आणि 'असू दे जवळ' म्हणून टाकलेली अझिथ्रोमायसिनची एक पट्टी. जळजळ सुरू झाली की हात तिकडेच जातो. नका घेऊ. एक तर जिवाणू अर्धवट मरतात, त्रास कमी होतो, तपासणीत गोंधळ होतो आणि खरा आजार आत तसाच राहतो. दुसरं, औषध बहुधा चुकीचंच असतं. क्लॅमिडिया या गुप्तरोगाला इथे पहिलं औषध म्हणून सात दिवस डॉक्सीसायक्लिन देतात. गनोरिया या दुसऱ्या गुप्तरोगाला सेफ्ट्रायाक्झोनचं इंजेक्शन लागतं, कारण गोळ्यांना तो दाद देईनासा झालाय.

बाईला नुसतीच लघवीची जळजळ असेल आणि ती साधं मूत्रमार्गाचं इन्फेक्शन असेल, तर जानेवारी २०२४पासून फार्मासिस्ट स्वतः तपासून औषध देऊ शकतो, वय १६ ते ६४ असेल तर. त्यासाठीही पट्टी फोडायची गरज नाही.

दुसऱ्याच दिवशी तपासणी करून निश्चिंत होणं

संसर्ग झाल्यापासून तो तपासणीत दिसेपर्यंत मध्ये काळ जातो. क्लॅमिडिया आणि गनोरियासाठी दोन आठवडे, प्रयोगशाळेतल्या एचआयव्ही तपासणीसाठी ४५ दिवस, बोट टोचून घरच्या घरी निकाल देणाऱ्या एचआयव्ही टेस्टला ९० दिवस, सिफिलिसला १२ आठवडे. त्याआधी 'निगेटिव्ह' आलं तर त्यावर विसंबू नका, मुदत उलटल्यावर पुन्हा करा. खासगी दवाखाने चिंताग्रस्त माणसाला दुसऱ्या दिवशीही सगळ्या टेस्ट आनंदाने विकतात. ते पैसे वाचवा.

लक्षणं असतील तर हे वेळापत्रक विसरा आणि लगेच जा. पेप आणि इमर्जन्सी गोळीलाही ते लागू नाही.

किट आलं, पण नमुना बाद झाला

लक्षणं नसतील तर बहुतेक भागांत पोस्टाने किट मागवता येतं. लंडनमध्ये 'सेक्शुअल हेल्थ लंडन', इतर अनेक ठिकाणी 'एसएच:२४' ही सेवा देतात. पैसे स्थानिक कौन्सिल भरते, म्हणून पोस्टकोड तुम्ही राहता तिथलाच हवा. काही ठिकाणी रोजच्या किटची संख्या ठरलेली असते. 'आज उपलब्ध नाही' दिसलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर बघा. पाकीट साधं असतं, वर काही लिहिलेलं नसतं. घरात चौघं राहत असाल तरी चिंता नको.

बाद होतं ते बहुधा रक्त. छोट्या नळीत रेघेपर्यंत भरायचं असतं आणि थंडीत बोटातून चार थेंबांवर रक्त येत नाही. आधी दोन ग्लास पाणी प्या. हात पाचेक मिनिटं गरम पाण्यात धरा आणि नीट कोरडे करा, ओल्या बोटावर थेंब पसरतो. उभे राहा, हात कमरेखाली लोंबू द्या. अनामिकेच्या टोकाला, जरा कडेला टोचा. पहिला थेंब पुसून टाका. मग तळव्यापासून बोटाकडे हळूहळू चोळत आणा. टोचलेल्या जागी दाबून पिळलं तर रक्तपेशी फुटतात आणि प्रयोगशाळा नमुना परत करते. थांबलं तर दुसरं बोट. सुया जास्तीच्या दिलेल्या असतात.

लघवीच्या नमुन्यातली चूक खास आपली. भारतात लॅबवाले 'सुरुवातीची सोडून मधली धरा' असं सांगतात आणि ते डोक्यात पक्कं बसलेलं असतं. क्लॅमिडिया-गनोरियाच्या तपासणीला नेमकी सुरुवातीचीच धार लागते, आणि त्याआधी तासभर तरी लघवीला गेलेलं चालत नाही. बायकांना बहुधा लघवीऐवजी स्वतः घ्यायचा स्वॅब देतात.

नळीवर नाव, जन्मतारीख आणि नमुना घेतल्याची तारीख लिहायला विसरू नका. लेबल कोरं असेल तर आतलं सगळं कचऱ्यात. आणि पाकीट त्याच दिवशी पोस्टाच्या पेटीत टाका.

'सगळ्या टेस्ट करा' म्हणणं आणि प्रश्नांना गोलमाल उत्तरं देणं

फुल बॉडी चेकअपची सवय इथे उपयोगाची नाही. नर्स विचारेल: पुरुषांशी संबंध की बायकांशी की दोघांशी, तोंडाने, मागून, कंडोम होता का, कधी पैसे दिले-घेतले का. प्रश्न सगळ्यांना तेच असतात, समोरच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. उत्तरांवरून घशाचा, गुदद्वाराचा स्वॅब घ्यायचा का ते ठरतं. लाजेपोटी 'फक्त साधंच' म्हणालात तर फक्त लघवी तपासतील आणि घशातला गनोरिया तिथेच बसून राहील.

जननेंद्रियांवरचा हर्पिस जखम नसेल तर तपासत नाहीत. जखम दिसत असेल तर ती वाळायच्या आत जा. गर्भाशयमुखाची तपासणी ही वेगळी, २५ ते ६४ वयाच्या बायकांना जीपीमार्फत बोलावणं येतं. तेवढ्यासाठी तरी जीपीकडे नाव हवं.

भाषांतराला मैत्रिणीला नेणं

सोबतीला न्या, बाहेर बसू दे. आत भाषांतर तिने करायचं म्हटलं की अर्धी उत्तरं तुम्हीच गिळाल. दुभाषी मोफत मिळतो, बहुधा फोनवर. अपॉइंटमेंट घेतानाच 'मराठी इंटरप्रिटर' मागून ठेवा. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांनी तर हे जरूर मागावं आणि नवऱ्याला बाहेर थांबवायला सांगावं. तसं नर्सला सांगितलं की ती स्वतःच त्याला बाहेर बसवते.

निकालच आला नाही

निकाल एसएमएसने येतो. क्लिनिकला भारतातला नंबर देऊन ठेवलेला असतो, त्यावर व्हॉट्सॲप चालतं म्हणून तो चालू आहे असं वाटतं आणि एसएमएस काही पोचत नाही. इथला नंबर द्या. दोन आठवडे झाले तरी काही आलं नाही तर फोन करून विचारा. 'काही असतं तर त्यांनी कळवलं असतं' हे धरून चालू नका.

पॉझिटिव्ह आलं तर आधीच्या जोडीदारांना कळवायला हवं. तोंडाने सांगणं जमत नसेल तर क्लिनिकच तुमचं नाव न घेता त्यांना मेसेज पाठवतं. तो माणूस भारतात असेल तर त्याला तुम्हीच सांगा, आणि सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी (समुपदेशन आणि तपासणी) केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते हेही सांगा. १०९७ हा हेल्पलाइन नंबर तिकडे चालतो. उपचार चालू असताना सुट्टीसाठी घरी जाणार असाल तर तिकीट काढण्याआधी क्लिनिकला तारखा कळवा: औषधं जास्त दिवसांची देता येतात, आणि तिथल्या डॉक्टरला दाखवायला पत्रही.