मिनियापोलिसला रॅपर पोरीचा शो बघायचाय? मग हे वाचून जा

आमच्या चिपळूणकडून हल्ली कुणी ना कुणी अमेरिकेला पोरांकडे जाऊन येतंच आणि येताना फोटो कसले तर मॉल आणि बर्फ, म्हणून म्हणते एक रात्र तरी हिपहॉपच्या शोला घाला. मी ऑक्टोबरात मावसबहिणीकडे मिनियापोलिसला गेलेले तेव्हा बघितला.

पहिलं म्हणजे पोरीचं नाव गाजायच्या आधी जा. आता जगभर गाजलेली रॅपर-गायिका लिझो २०११ ला ह्याच शहरात राहायला आली आणि इथल्या छोट्या स्टेजांवरूनच वर गेली, तेव्हा ज्यांनी बघितली त्यांची मजा. डोईची नावाच्या रॅपर पोरीला २०२५ ला बेस्ट रॅप अल्बमचं ग्रॅमी बक्षीस मिळालं, आता तिला हाताच्या अंतरावरून बघायचं म्हणजे विसराच.

हॉल बघायचा तर फर्स्ट अव्हेन्यू. मूळचा १९३७ चा ग्रेहाऊंड बसचा डेपो, १९७० पासून तिथे गाणी वाजतायत, म्हणजे आपल्या एसटी स्टँडात कार्यक्रम ठेवावा तसं. बाहेर काळ्या भिंतीवर चांदण्या रंगवल्यात, एकेकीत एकेक कलाकाराचं नाव, इथलाच गायक प्रिन्स, त्याची तेवढी सोनेरी. पण नवीन पोरी बहुतेक त्यालाच चिकटून असलेल्या सेव्हन्थ स्ट्रीट एन्ट्रीत असतात, अडीचशेक माणसांची खोली ती, घाम पण दिसतो गाणारीचा.

तिकीट हॉलच्या स्वतःच्या साइटवरूनच काढा, रीसेलवाले कैच्या कै लावतात. वर १८+ लिहिलंय की २१+ ते बघा आणि ओरिजिनल पासपोर्ट न्या, मोबाइलमधल्या फोटोवर राहू नका. पिशवी छोटी. एअरपोर्टवरून ब्लू लाइनची ट्रेन थेट डाउनटाऊनला येते, वेअरहाऊस डिस्ट्रिक्टला उतरलात की हॉल चालत दोन मिनिटं.

तिकिटावर डोअर्स (म्हणजे दार उघडायची वेळ) सात, शो आठ असं असतं आणि मेन बाई येते नऊ-सव्वानवाला, म्हणून आम्ही आरामात, ताईने सुरमई तळलेली, ती सोडून कोण उठणार, नऊला पोचलो तर आधी गाणारी लोकल पोरगी शेवटच्या कडव्यावर होती. नुसती ढोलकीसारखी जीभ! तेवढंच ऐकायला मिळालं आणि मला अजून तेच आठवतंय. सुरुवातीपासून जा.

इंग्रजी फास्ट असतं, कळणार नाही म्हणून घाबरू नका. आपण शक्ती-तुरा ऐकत वाढलोय ना? शाहीर समोरच्याला सवालात पकडतो, झांज थांबते आणि अख्खा मांडव ओरडतो, तेच आहे हे, फक्त मृदुंगाच्या जागी बीट. आठवडाभर आधी तिची चार-पाच गाणी शब्द समोर ठेवून ऐका, कारण मध्येच ती माइक पब्लिककडे करते आणि ओळ आपल्याला पुरी करायची असते. फक्त एक, काळ्या लोकांसाठीचा तो न वरनं सुरू होणारा शब्द गाण्यात आला की आपण गप्प. ती म्हणेल, तो तिचा हक्क, आपला नाही.

उभं राहायचं ते साउंडवाल्याच्या टेबलाजवळ, पुढे स्पीकरसमोर नुसता बास छातीत बसतो. कानात घालायला बोळे ठेवा. अख्खा शो मोबाइलवर काढत बसू नका, मागचे शिव्या घालतात आणि बरोबरच आहे त्यांचं.

जानेवारीत जाणार असाल तर उणे दहा-पंधरा तिथे नेहमीचंच, पण आत गर्दीत चिपळूणचा मे महिना, तेव्हा जाकिटाच्या आत साधा टी-शर्ट घाला.

निघताना टेबलावर टी-शर्ट विकायला असतात, छोट्या शोला कधीकधी ती पोरगी स्वतःच उभी असते. एक घ्याच, पैसे तिच्याकडे जातात. साइझ मात्र आपल्यापेक्षा एक नंबर कमी घ्या, माझा भावाला गेला.