लाइट की डार्क? शेडकार्ड बाजूला ठेवा, आधी घरातला उजेड बघा

नवरात्र जवळ आलं की ओळखीतल्या कोणाचं ना कोणाचं घर रंगायला निघतंच आणि मग फोन येतो, हॉलला लाइट घेऊ का डार्क. मी उलट विचारतो, खिडकी कुठल्या दिशेला आहे, समोर काय आहे आणि रात्री कुठला दिवा लावता. समोरच्याला वाटतं हा उत्तर टाळतोय, पण हे तीन कळल्याशिवाय शेडवर बोलणं म्हणजे पायाचं माप न देता चप्पल मागवणं.

"खोली लहान आहे ना, मग लाइटच घ्या" हे पेंटरपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे सांगतात. ते अर्धंच खरंय. लाइट रंग उजेड परत फेकतो हे बरोबर, पण फेकायला आधी उजेड आत यायला पाहिजे ना! आमच्या पुण्यात कोथरूड, सिंहगड रोडला पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर कितीतरी बेडरूम अशा आहेत की खिडकी उघडली की दहा-बारा फुटांवर शेजारच्या बिल्डिंगची भिंत, तिथे ऑफव्हाइट मारला तर तो वर्षभर वापरलेल्या बनियनसारखा मळकट करडा दिसतो, खोली काही मोठीबिठी वाटत नाही. तिथे थोडा उबदार मधला शेड घ्या, बिस्किट कलर किंवा फिका गेरूसारखा, नाहीतर मग सरळ डार्क घ्या आणि पिवळे दिवे लावून त्याची मजा घ्या. झोपायचीच तर खोली आहे.

उत्तरेकडच्या खिडकीतून दिवसभर एकसारखा पण थंड, निळसर उजेड येतो, त्यात ग्रे आणि निळसर पांढरा आणखी गार वाटतो, तिथे क्रीम किंवा आयव्हरी बरा. पश्चिमेचं उलटं, संध्याकाळी पाचला केशरी ऊन थेट भिंतीवर आल्यावर पीच आणि पिवळे शेड अक्षरशः भडकतात, एप्रिलमध्ये तर बघवत नाही. तिथे फिका ग्रे नाहीतर फिका राखाडी हिरवा चालतो. आणि बाहेर काय आहे तेही बघा, खिडकीला लागून गुलमोहर असेल तर पांढऱ्या भिंतीवर हिरवट झाक येते, समोरची बिल्डिंग विटकरी असेल तर गुलाबी.

माझी स्वतःची फजिती सांगतो. बोहरी आळीत दुकानात पांढऱ्या ट्यूबखाली शेडकार्ड बघून मस्त शांत ग्रे ठरवला, घरी हॉलमध्ये दिवे 3000 केल्विनचे म्हणजे पिवळसर, पहिल्याच रात्री भिंत चिखलासारखी दिसायला लागली, बायको काही बोलली नाही पण आठवडाभर हॉलमध्ये बसलीपण नाही. दिव्याच्या बॉक्सवर हा आकडा लिहिलेला असतो, 2700-3000 पिवळा, 6500 पांढरा निळसर. शेवटी रंग तसाच ठेवून 4000चे दिवे आणले, रंग बदलण्यापेक्षा ते स्वस्त पडलं.

तेव्हापासून कार्डवरच्या टिचभर चौकोनावर मी विश्वास ठेवत नाही. कारण चार भिंती एकमेकींवर तोच रंग फेकतात त्यामुळे खोलीत शेड कार्डापेक्षा गडद आणि भडक लागतो, म्हणून मन ज्याच्यावर बसलंय त्याच्यापेक्षा एक घर फिका घ्यायचा. अप्पा बळवंत चौकातनं दोन मोठे जाड कार्डशीट आणा, छोट्या डब्यातला सॅम्पल घेऊन दोन हात मारा, कडेनं पांढरी पट्टी सोडा आणि पूर्ण वाळू द्या, ओला रंग फसवतो. मग तो कागद प्रत्येक भिंतीला लावून सकाळी आठला, दुपारी तीनला आणि रात्री दिवे लावून बघा, सोफ्याच्या आणि कपाटाच्या सनमायकाच्या शेजारी धरून पण बघा. तीन दिवस भिंतीला राहू द्या. तिसऱ्या दिवशीही आवडला तर तुमचा.

काही कंपन्या शेडसोबत एलआरव्ही नावाचा आकडा देतात, 0 म्हणजे सगळा उजेड गिळणारा काळा, 100 म्हणजे सगळा परत देणारा पांढरा. माझा हिशोब साधा आहे, रोजच्या वावराच्या हॉलला तीन भिंती 65च्या वर ठेवायच्या आणि चौथीवर काय हौस करायची ती करायची. टीव्हीच्या मागची भिंत डार्क असेल तर काळा स्क्रीन त्यात मिसळून जातो, ते छान दिसतं. सीलिंग मात्र डार्क नको, साडेनऊ फुटांच्या फ्लॅटमध्ये ते डोक्यावर आल्यासारखं वाटतं.

आता डार्कचा खर्च. गडद शेडला बऱ्याचदा दोनऐवजी तीन हात लागतात, आणि पुढे कधी परत फिका करायचा झाला तर आधी प्रायमर मारून तो झाकावा लागतो. ग्लॉसी घेतला तर पुट्टीचा एकूणएक उंचवटा चमकून दिसतो, मॅट घेतला तर तिथे हात घासून चकाकणारे डाग पडतात. लहान पोरं असतील तर मधला सॅटिनसारखा फिनिश बरा. भाड्याचं घर असेल तर सोडून द्या, डिपॉझिटमधनं कापून घेतील.

आणि पावसाळ्यात ओल येणारी भिंत! आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो त्यामुळे बहुतेक तीच भिंत असते. तिला डार्क अजिबात नाही, ओलीबरोबर आतले क्षार वर येतात आणि गडद निळ्यावर ते मीठ सांडल्यासारखे पांढरे दिसतात. लाइट रंगानंही ओल थांबत नाही, फक्त कमी दिसते, आधी बाहेरच्या भेगा बुजवा. वाळलीय का नाही बघायचं तर दोन फुटांचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपनं चिकटवून एक दिवस ठेवा, आतून घाम आला तर दिवाळीच्या आधी उरकायची घाई करू नका, पोपडे धरतील.

माल एकदम घ्या. 10 बाय 12ची खोली, दारं-खिडक्या सोडून साधारण साडेतीनशे चौरस फूट भिंत होते, दोन हाताला तीन लिटरच्या आसपास इमल्शन जातं. दुकानातल्या रंग मिसळायच्या मशीनवर नंतर शेडचा तोच कोड दिला तरी कधीकधी जराशी झाक वेगळी येते आणि डार्कमध्ये ती लांबनं कळते. उरलेला अर्धा लिटर बरणीत घट्ट झाकून ठेवा, वर कोड, फिनिश आणि खोलीचं नाव मार्करनं लिहा, आणि पेंटर जायच्या आधी डब्यावरच्या स्टिकरचा फोटो काढा. डबे तो घेऊन जातो.